आलो गं, पोरींनो

हे खरं आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, मला कुणाची मनधरणी करायची नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा रिकाम्या पोल्ट्रीत भर दुपारी एकटं उभं राहून बघावं. थंडीचे दिवस, पांढरं ऊन, आणि आमच्या घरामागची ती लांबलचक शेड. घडलं ते माझ्या काकूच्या बाबतीत. तिला खोटं बोलायचं कारण नाही. खोटं बोलणारे आमच्याकडे वेगळे होते.

काका कोंबड्यांचा माणूस. शेडचं दार उघडायच्या आधी तो बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचा.

टक... टक.

"आलो गं, पोरींनो!"

यात वेडेपणा काही नव्हता. दार एकदम उघडलं तर हजारो कोंबड्या बिथरतात, कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि गुदमरून मरतात. टकटक ऐकली की सगळ्या क्षणभर चिडीचूप व्हायच्या. मग हलकी कुरकुर सुरू व्हायची... जणू 'ये' म्हणतायत.

सवय इतकी हाडीमाशी भिनली की काका स्वतःच्या घराचं दारही वाजवूनच आत यायचा.

"मी काय कोंबडी आहे?" काकू म्हणायची.

"छे! कोंबड्या उलट बोलत नाहीत."

शेड दोघा भावांची. राबायचा काका, व्यवहार बघायचा थोरला. थोरला म्हणजे माझा बाप. हो, बापच. लपवून काय करू? लपवालपवी त्याने दोघांना पुरेल एवढी केली.

त्या थंडीत कोंबड्या मरायला लागल्या. तुरे निळे पडले, डोकी सुजली, अंडी आटली. जनावरांचा डॉक्टर आला. काकूने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तो फाटकाशी उभा राहून बापाला हातवारे करत काहीतरी बजावत होता. आला तेव्हा त्याच्या हातात एक खोकं होतं. गेला तेव्हा नव्हतं.

"काय म्हणाले डॉक्टर?" तिने विचारलं.

"काही नाही. कोंबड्यांना गारठा बाधलाय. पाण्यात घालायचं औषध देऊन गेलेत." मग बाप काकाकडे वळला. "मेलेल्या उचल आणि मागे पुरून टाक. गाजावाजा नको."

दादाचा शब्द! काकाने उचलल्या. उघड्या हातांनी, उघड्या तोंडाने.

थोड्याच दिवसांत काका तापाने फणफणला.

"साधा फ्लू आहे, गल्लीत घरोघरी आहे," बाप म्हणाला. काकाला धाप लागली तेव्हा दवाखान्यात नेलं तेही त्यानेच. काकू चपला घालत होती, तिला थांबवलं. "तू तुझ्या पोरीजवळ थांब. मी आहे ना!"

तो होता.

काका परत आला नाही.

उरलेल्या कोंबड्याही मेल्या, शेड धुतली, चुना मारला. थंडी सरायच्या आतच बाप काकूला म्हणाला, "नवी पिल्लं येतायत. आता शेड तू बघायची. पोरीलाही घे हाताखाली. बसून किती दिवस खाणार?"

त्या दुपारी काकू एकटीच शेडकडे गेली. कडीला हात लावला...

टक... टक.

आतून.

"भावजी?"

आणि कडी तर बाहेरून लावलेली.

तिने दार उघडलं. आत कुणी नव्हतं. पंखे बंद. जमिनीवर एक पीससुद्धा नाही. इतकी शांतता तिने त्या शेडमध्ये कधी ऐकली नव्हती.

आणि मग... कुरकुर.

अगदी हलकी. चहूबाजूंनी. 'ये' म्हणणारी.

काकू दारातच थांबली. पळावंसं वाटलं. पण टकटक नवऱ्याची होती. त्याला काय भ्यायचं?

टक... टक.

आता टोकाच्या, खाद्याच्या खोलीतून.

ती गेली. रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागे तेच खोकं. चिकटपट्टी जशीच्या तशी. वर धुळीचा थर... आणि धुळीत दोन गोल ठसे. पेराएवढे. ताजे.

तिने पट्टी फाडली. मास्क. हातमोजे. डोळे झाकायचे चष्मे. अंगभर घालायचे पांढरे डगले. कशाचीच घडी मोडलेली नव्हती.

"काय शोधतेयस?"

बाप दारात उभा होता. न वाजवता आलेला.

"हे पाण्यात घालायचं होतं का, भावजी?"

बापाने नजर चुकवली. "डॉक्टरला बर्ड फ्लूचा संशय होता. नुसता संशय! हे सोंग घालून धाकटा शेडमध्ये दिसला असता तर गल्लीभर बोभाटा झाला असता. शेड बंद! मग काय माती खाल्ली असती?"

"आणि दवाखान्यात? काम काय करतो, हे विचारलं असेलच की त्यांनी."

बाप खोकं उचलायला वाकला.

"विचारलं की नाही?"

"दुकान आहे म्हणालो."

त्या तापावर औषध होतं. पहिल्या दिवसांतच सुरू करावं लागतं, पण होतं. नुसतं 'कोंबड्या' एवढा एक शब्द सांगायचा होता.

"त्याच्या उशाशी उभं राहून खोटं बोललात? तो ऐकत असताना?"

"सगळ्यांसाठीच केलं ना! तुझ्यासाठीसुद्धा..."

टक... टक.

बापाच्या पाठीमागचं दार. सताड उघडं. बाहेर नुसतं ऊन.

बाप पांढराफटक पडला. "कोण... कोण आहे?"

"तुमचा धाकटा," काकू म्हणाली. "आत येऊ का, विचारतोय."

त्याच दुपारी तिने जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. डगले घातलेली माणसं आली, शेडला सील लागलं. पिल्लं आलीच नाहीत. काकू पोरीला घेऊन निघून गेली ती कायमची. पुढे शेडही पाडली.

बाप अजून त्याच घरात राहतो. एकही दार लावत नाही, कितीही गारठा असो. दार बंदच नसेल तर वाजवणार कसं, अशी त्याची अक्कल.

गेल्या थंडीत मी त्याला फ्लूची लस टोचून आणायला गेले होते. काय करणार, बाप आहे. तो शाल गुंडाळून बसला होता. सगळी दारं उघडी.

टक... टक.

उघड्या दारावर.

आणि मागच्या मोकळ्या जागेतून, जिथे आता एकही पक्षी उतरत नाही... कुरकुर.

बापाने माझं मनगट घट्ट धरलं. "ऐकलंस ना? तू ऐकलंस ना गं?"

माझ्या अंगावर आलेला काटा आजही बसलेला नाही. पण मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "काही नाही, बाबा. गारठा बाधलाय तुम्हाला."