परत केलेली भवानी

अश्विनला मी पहिल्यांदा पाहिलं फुलबाजारात, आणि लगेच मनातल्या मनात ‘चिक्कू’ असं नाव ठेवलं. सकाळची वेळ, खांद्यावर झेंडूचं क्रेट, शर्टवर पाकळ्या, आणि हसणं असं की... जाऊ दे. मी देणगीचं ताट पुढे केलं. दहा रुपये तरी द्या म्हटलं. तो ओशाळला.

“मला नाही देता येणार... खरंच नाही.”

मी नाक मुरडून पुढे गेले.

दुपारी तोच माणूस इस्त्रीच्या शर्टात, गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात माझ्यासमोर बसला होता. सिन्नरच्या एका कंपनीने आम्हाला पैसे देऊ केले होते आणि जमलेल्या देणग्या तपासायला याला धाडलं होतं.

आमची संस्था फुलबाजारातल्या बायकांच्या मुलांचं पाळणाघर चालवते. मालकाने ती खोली विकायला काढली होती. दसऱ्यापर्यंत आम्ही घेतली नाही, तर पोरं पुन्हा टेम्पोच्या चाकांजवळ झोपणार होती. कंपनीचं म्हणणं असं: निम्मी रक्कम तुम्ही लोकांकडून उभी करा, तेवढीच आम्ही घालू. थोडीही कमी पडली तर काहीच मिळणार नाही. आणि कंपनीतल्या माणसांचे किंवा त्यांच्या नातेवाइकांचे पैसे धरायचे नाहीत.

“म्हणून दिले नाहीत सकाळी,” तो म्हणाला. “चिक्कू नाही मी.”

म्हणजे मी ते मोठ्याने बोलले होते की काय? माझे कान तापले.

मग तो येतच राहिला. ‘मदत करा’ म्हणून हात पसरू नका, ‘तुमच्या एका रुपयाचे इथे दोन होतात’ असं सांगा, हे त्याचंच डोकं. मी ते नांदगावच्या काकांपासून मावशी-आत्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवलं आणि त्यांचे खिसे हलके केले. तो येताना शेवंती आणायचा, माझ्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, “घरच्या मळ्यातली आहे. देणगीत धरू नका.”

मी कशात धरत होते, ते माझं मला ठाऊक.

एकदा चहाचा कप घेताना बोटांना बोटं लागली. त्याने हात मागे घेतला नाही. “राखी, मला तुम्हाला...” एवढं बोलला, माझ्या काकांच्या पावतीकडे पाहिलं आणि गप्प झाला.

“काय?”

“दसऱ्यानंतर सांगतो.”

“तुमच्या कंपनीत सगळ्यालाच मुदत असते का?”

“याला आहे,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला की मला पुढे चिडवता येईना.

दसरा तोंडावर आला तरी रक्कम भरेना. गिऱ्हाइकांपुढे ताट फिरवत होतो, पण बाजारातल्या बायकांपुढे धरायचा आम्हाला संकोच वाटत होता. शेवटी नवसाबाईच रागावल्या. त्यांचा नातू आमच्याकडे असतो. “पोरं आमची, अन् आम्हालाच इचारलं नाय?” त्यांनी ठरवूनच टाकलं: खंडेनवमीला प्रत्येकीने आपली भवानी द्यायची. दिवसाच्या पहिल्या विक्रीचे ते पैसे बायका कपाळाला लावून जपून ठेवतात, कुणाला देत नाहीत. म्हणून माझा विश्वासच बसेना.

त्या सकाळी सगळ्या मालनबाईंसाठी थांबल्या होत्या. बाजारात त्यांचा मान पहिला. त्यांनी नोट कपाळाला लावून ताटात ठेवली, आणि माझ्या शेजारी उभा असलेला अश्विन हळूच म्हणाला, “आई, तुझी नको.”

आई? मला हे माहीतच नव्हतं. तिथे पंचाईत अशी की भवानी परत करणं हा अपशकुन. बायका कुजबुजायला लागल्या. तो गप्प राहिला असता तर कंपनीत कुणाला कळलं नसतं. मला त्याचा राग आला, आणि त्याच क्षणी तो इतका आवडला की डोळे भरून आले. मी ती नोट मालनबाईंच्या हातात परत दिली. आता बाकीच्या देतील की नाही, देव जाणे.

मालनबाईंनी आधी लेकाकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे. मग बाजाराकडे वळल्या.

“माझं पोरगं कंपनीत हाय, म्हणून माझी घेत नाय. तुमची घेत्यात. बघता काय, घाला की.”

आधी नवसाबाई हसल्या, मग सगळ्याच. ताट भरलं, ओतलं, पुन्हा भरलं. आमची रक्कम दुपारच्या आत पूर्ण झाली. अश्विनने कंपनीत फोन लावला, होकार ऐकला आणि माझ्याकडे वळला.

“आता बोलू?”

“बोला.”

“आधी विचारलं असतं, तर तुमचे काका, मावशी, आत्या... सगळ्यांच्या पावत्या बाद झाल्या असत्या.”

“काय विचारलं असतं तर?”

“त्यांचा जावई होऊ का, म्हणून...”

तेवढ्यात मालनबाई आल्या. सकाळची नोट अजून त्यांच्या मुठीतच होती, घामाने मऊ झालेली.

“परत आलेली भवानी घरी नेता येत नाय,” त्या म्हणाल्या. “मुदत सरली ना? घे मग.”

“पाळणाघरासाठी?”

“पाळणाघराचं झालं. ही तुला.”

मी ती नोट कपाळाला लावली आणि ओढणीच्या टोकात घट्ट बांधली. वेगळं ‘हो’ म्हणायचं राहूनच गेलं. अश्विनने झेंडूचं क्रेट उचललं आणि आईला विचारलं, आज जरा लवकर आवरूया का, राखीच्या घरी जायचंय.