साखर अडीचशे असल्यास

"वहिनी, मी खोटं बोलत नाहीये," पायातल्या चपला काढायच्या आधीच तो दारातून म्हणाला.

भाऊजींनी त्याला खुर्ची दिली. भाऊजी वहिनींचे दीर. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवली. आता ते वहिनींची गाडी चालवायचे आणि त्यांच्या तपासात, त्यांच्याच शब्दांत, मान डोलवायचं काम करायचे. वहिनींनी पूर्वी एका विमा कंपनीसाठी संशयास्पद दाव्यांची चौकशी केली होती. आता लोक आपापल्या भानगडी घेऊन थेट घरी यायचे.

आलेल्या माणसाला त्याच्या घरात सगळे धाकटा म्हणत. तो फर्निचरला पॉलिश करायचा. नखांच्या कडा कायमच्या तपकिरी झालेल्या.

"आईला मधुमेह. तिचं सगळं ताईच बघायची. ती कामासाठी बाहेरगावी गेली आणि पहिल्यांदाच आईची जबाबदारी माझ्यावर आली. क्लिनिकच्या अ‍ॅपवर सूचना होती. सकाळी साखर तपासली, चौसष्ट भरली. सूचना वाचली, इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं आणि एक कपाट द्यायचं होतं, तिकडे गेलो. परत आलो तर आई जमिनीवर."

"वाचल्या ना?" भाऊजींनी घाईने विचारलं.

"जीव वाचला. इंजेक्शनने साखर आणखी उतरली, मेंदूला बराच वेळ मिळाली नाही, म्हणाले. आता ती कुणालाच ओळखत नाही."

त्याने फोन पुढे केला. पडद्यावर तीन सुटसुटीत ओळी होत्या:

रोज सकाळी नाश्त्याआधी इंजेक्शन द्या.
साखर <७० असल्यास इंजेक्शन देऊ नका, लगेच साखरपाणी द्या.
साखर >२५० असल्यास क्लिनिकला फोन करा.

भाऊजींनी दुसरी ओळ वाचली आणि नजर वळवली. आता या माणसाला काय बोलायचं?

"ही ओळ तेव्हा नव्हती!" धाकटा म्हणाला. "दुसऱ्या दिवशी ताईला दाखवायला फोन उघडला, तर ओळ समोर. ताई म्हणाली, स्वतःचा निष्काळजीपणा झाकतोस. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही." त्याने फोन परत खिशात टाकला. "वहिनी, आता माझाच माझ्यावर विश्वास राहिलेला नाही. ओळ असेलच, मीच वाचली नसेल, असं वाटायला लागलंय."

"डोळे मिटा," वहिनी म्हणाल्या. "काय दिसलं होतं तेवढंच सांगा."

"सगळं एकाला एक चिकटलेलं होतं. 'रोज सकाळी नाश्त्याआधी इंजेक्शन द्या. साखर २५० असल्यास क्लिनिकला फोन करा.' बस."

वहिनींनी मान हलवली. काय कळलं ते मात्र सांगितलं नाही.

क्लिनिकमध्ये डॉक्टर आधीपासूनच गुरकावण्याच्या तयारीत होते. "सूचना मी सांगितली, सिस्टरने टाइप केली, मी वाचून पाठवली. बघा." संगणकावर तिन्ही ओळी होत्या. पाठवल्यानंतर मजकुराला कुणी हात लावल्याची नोंद नव्हती.

सिस्टर रडकुंडीला आली होती. "सगळे मलाच विचारतात. मी का गाळीन? 'देऊ नका' हे शब्द मी ठळक केलेत, दिसत नाहीत का तुम्हाला?"

ते खरोखरच ठळक होते. धाकट्याच्या फोनवर मात्र सगळी अक्षरं सारखीच होती. बाहेर पडताना भाऊजींनी तसं म्हटलं.

"भाऊजी, आज मान डोलवण्यापलीकडचं काम केलंत," वहिनी म्हणाल्या. भाऊजी खूश झाले. कशाबद्दल, ते त्यांना कळलं नव्हतं.

ताईने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. "त्यानेच पाठवलं ना तुम्हाला? चार दिवस आईला सांभाळ म्हटलं, तेवढंही झालं नाही त्याच्याकडून." बोलता बोलताच ती बाजूला झाली. आतल्या खोलीत आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. हाताची बोटं साडीचा काठ चाचपत होती.

"सूचना आणखी कुठे येत होत्या?" वहिनींनी विचारलं.

"आईच्या फोनवर. तिला वाचता यायचं नाही चष्म्याशिवाय, तरी फोन उशाशी हवा. त्या दिवशी चार्जिंग संपून बंद पडला, तो कपाटात टाकलाय. कोण चालू करणार?"

"कुणीच करू नका," वहिनी म्हणाल्या.

ताईच्या शेजारच्या काकांनी त्या सकाळचं सांगितलं. "त्याने मला फोन केला होता हो. म्हणाला, काका, बरोबर अडीचशे भरली तरच क्लिनिकला फोन करायचा का? दोनशे साठ भरली तर नाही का करायचा? मी हसलो. म्हटलं, तुझी चौसष्ट आहे ना, मग कशाला डोकं पिकवतोस? कमी म्हणजे चांगलंच, असं मला वाटलं. मीच..."

अ‍ॅप बनवणारी कंपनी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. प्रोग्रामर तिशीचा, दाढी वाढलेला. त्याने वहिनींना पाणी दिलं आणि स्वतःच पिऊन टाकलं.

"क्लिनिकचा मजकूर फोनवर येईपर्यंत त्याचं काय काय होतं?" वहिनींनी विचारलं.

"तिथे तो एचटीएमएलमध्ये असतो. म्हणजे मजकुरात खुणा असतात, ठळक कुठे, नवी ओळ कुठे. प्रत्येक खूण < ने उघडते आणि > ने मिटते. आमच्या अ‍ॅपला साधा मजकूर लागतो, म्हणून आम्ही खुणा काढून टाकतो."

"आणि डॉक्टरांनी 'पेक्षा कमी' म्हणून तेच चिन्ह लिहिलं तर?"

"गोंधळ नको म्हणून संगणक त्याच्या जागी एक सांकेतिक शब्द ठेवतो. आम्ही तो उलगडून पुन्हा चिन्ह करतो."

"म्हणजे कामं दोन. खुणा काढायच्या आणि संकेत उलगडायचे. आधी कोणतं?"

प्रोग्रामर उठून खिडकी लावू लागला. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत राहिलं.

"आता आधी खुणा काढतो," शेवटी तो म्हणाला.

"'आता' म्हणालात," वहिनी उठल्या. "उद्या सकाळी ताईंच्या घरी या."

सकाळी आईच्या खोलीत सगळे जमले. ताई आईच्या खुर्चीमागे उभी होती, धाकटा दारात. वहिनींनी आईचा फोन चार्जिंगला लावला होता. भाऊजी मदत म्हणून भिंतीवरच्या वायफायच्या डबीचं बटण दाबायला गेले.

"हात लावू नका!" वहिनी ओरडल्या. "मी बंद केलंय ते, सिमही काढलंय. फोन चालू व्हायला हवा, पण त्याला इंटरनेट मिळता कामा नये."

भाऊजींनी हात मागे घेतला.

"धाकट्यांनी खोटं रचलं असतं, तर अडचणीची ओळ तेवढी गाळली असती," वहिनी बोलू लागल्या. "अडीचशेच्या आधीचं 'पेक्षा जास्त'चं चिन्ह गाळून त्यांना काय मिळणार? पण आईला काही व्हायच्या आधीच त्यांनी काकांना विचारलं होतं, बरोबर अडीचशेच का? चिन्ह दिसत असतं तर हा प्रश्न पडलाच नसता. म्हणजे मजकुरात एक भोक पडलं होतं. ते <७० पाशी सुरू झालं आणि २५० च्या आधीच्या > पाशी संपलं."

"म्हणजे सिस्टरने..." भाऊजी म्हणाले.

"सिस्टरने सगळं नीट लिहिलं. फोनमधल्या अ‍ॅपने आधी संकेत उलगडले, मग खुणा काढल्या. डॉक्टरांचं खरं 'पेक्षा कमी' त्याला खुणेची सुरुवात वाटली. ठळकच्या आणि नव्या ओळीच्या खुणा मधेच उघडून आपापल्या जोडीने मिटल्या, हे चिन्ह मात्र उघडंच राहिलं. तिथून पुढचं > सापडेपर्यंत जे होतं ते त्याने टाकून दिलं. 'देऊ नका' त्यातच गेलं."

"पण नंतर ओळ दिसली कशी?" ताईचा आवाज चिरका झाला होता. "मी माझ्या डोळ्यांनी बघितली!"

"मूळ मजकूर फोनमध्ये पूर्णच असतो. उघडाल तेव्हा अ‍ॅप तो नव्याने साधा करून दाखवतं. दुसऱ्या दिवशी अ‍ॅपची दुरुस्त आवृत्ती फोनमध्ये आपोआप आली. चिकटलेल्या ओळी सुट्या झाल्या आणि हरवलेली ओळ परत आली. धाकट्यांनी वाचलं तेही खरं, तुम्ही बघितलंत तेही खरं. आईंचा फोन मात्र बंद होता. त्यात अ‍ॅप जुनंच आहे."

त्यांनी फोन ताईच्या हातात दिला. ताईने वाचलं, पुन्हा वाचलं. मधली ओळ नव्हती. मग फोन आईच्या मांडीवर ठेवून ती भावाकडे वळली.

"दुरुस्ती इतक्या लगेच कशी झाली?" वहिनींनी प्रोग्रामरकडे बघितलं.

"दुसऱ्या एका घरातून तक्रार आली होती," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "त्यांच्या वेळेत लक्षात आलं. कोडमधल्या दोन ओळींची अदलाबदल केली, नव्या ओळीची खूण तेवढी राखली, झालं. मी साहेबांना म्हटलं, सगळ्यांना कळवू या. ते म्हणाले, दुरुस्ती टाक आणि गप्प बस. मी गप्प बसलो."

धाकटा त्याच्या अंगावर जाईल असं भाऊजींना वाटलं. ते मधे सरकलेही. पण धाकट्याने नुसते हात उचलले आणि खाली सोडले.

"तक्रार करता येईल," वहिनी हळूच म्हणाल्या. "मी साक्ष देईन. फोन जपून ठेवा."

"करू," धाकटा म्हणाला. "पण त्याने हिला काय कळणार आहे, वहिनी?"

वहिनींनी चार्जरची वायर गुंडाळायला घेतली.

प्रोग्रामर आईच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. त्याने माफीसाठी हात जोडले. आईने खिडकीवरची नजर काढली आणि त्याच्याकडे निरखून बघितलं. मग हात उचलून त्याच्या वाढलेल्या दाढीवरून फिरवला.

"आलास का रे?" ती म्हणाली. "जेवलास?"

ताईने तोंडावर पदर दाबला. धाकटा दारातून दोन पावलं पुढे आला आणि तिथेच थांबला. आई त्याच्याकडे बघतही नव्हती. ती उत्तराची वाट बघत होती.

प्रोग्रामरने घाबरून धाकट्याकडे पाहिलं.

"हो म्हणा," धाकटा म्हणाला. "नाहीतर ती उठेल वाढायला."