चौघांची मोजणी

या पेजवर मी तीन वर्षं नुसती वाचत आले. बऱ्याच गोष्टी वाचून हसलेही आहे. त्यामुळे आता तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही.

पण हे घडलं आहे. माझ्या डोळ्यांसमोर. माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत.

मी ज्योत्स्ना. डाळजजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. राहायला बारामतीत, आई आणि धाकटा भाऊ बुद्धघोष यांच्याबरोबर. आमच्या घरात भूत, देवऋषी, अंगात येणं असलं काही नाही. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हाच ते सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. अमावस्येला आमच्याकडे एकच गोष्ट व्हायची. घोषा टेलिस्कोप पुसायला काढायचा.

घोषा म्हणजे बुद्धघोष. एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पाच्या लॅबमध्ये कामाला होता. बाबा गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी एकोणीस. त्याला मीच वाढवला म्हटलं तरी चालेल. माझं लग्न राहिलं ते राहिलंच. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही, कारण घरात घोषा होता.

त्याला ताऱ्यांचं वेड. त्याच्यामुळे मला लागलं, माझ्यामुळे माझ्या शाळेतल्या राजलक्ष्मीला, आणि तिच्यामुळे तिच्या नवऱ्याला, ऋषिराजला. ऋषिराज बावड्याचा, ऊस आणि खताचं दुकान. गाडी त्याची, म्हणून आम्ही त्याची बडबड ऐकून घ्यायचो.

दर अमावस्येला आम्ही चौघं डाळजच्या पुढे उजनीच्या पाण्याकाठी जायचो. चटई, थर्मास, टेलिस्कोप.

तिथे एक नियम होता, तो नीट लक्षात ठेवा.

तारे बघताना पांढरा उजेड करायचा नाही. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि मोबाईल एकदा चमकला की सगळं वाया. पण काठावर चर आहेत, विहिरी आहेत. एकदा ऋषिराज अंधारात चरात पडला आणि आम्हाला दहा मिनिटं कळलंच नाही. तेव्हापासून घोषाने मोजणी सुरू केली. दर अर्ध्या तासाने मी म्हणायचे एक. राजलक्ष्मी दोन. ऋषिराज तीन. घोषा चार.

चार ऐकू आलं की सगळे जागेवर.

मी सतरा वर्षं हजेरी घेते. मान वर न करता सांगते, कुणाच्या नावावर कोण 'हजर' बोललं. आवाजाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही. हेही लक्षात ठेवा.

आमच्याकडचं आकाश मात्र दर वर्षी फिकं होत चाललं होतं. हायवेचे दिवे, कारखान्यांचे दिवे. घोषाला एकदा तरी खरा काळोख बघायचा होता. त्यानेच शोधून काढलं, कझाकस्तानला आपल्याला चौदा दिवस व्हिसा लागत नाही, आणि विमान स्वस्तात मिळतं. सामान सात किलोच, त्यात अर्धा टेलिस्कोप. हॉस्टेलमध्ये एका खोलीत दहा खाटा. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

निघताना आई म्हणाली, "जोत्स्ना, चौघं मोजून चाललाय. मोजून माघारी या."

मी म्हटलं, "व्हय, आई."

गेल्या वर्षीची सव्वीस मे. सोमवार. अमावस्या.

तिथल्या अल्माटी शहरापासून चार तास आत, एका पठारावर. म्हाताऱ्या ड्रायव्हरने जुनी व्हॅन रस्त्यावर लावली आणि आत झोपून गेला. आम्ही दोनेकशे पावलं चालत जाऊन चटई टाकली. मे महिना, पण थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. गाव नाही. झाड नाही. कुत्रं नाही.

आणि वर जे होतं, ते मी कधीच विसरणार नाही. आपल्याकडे ध्रुव खाली झाडांच्या शेंड्यांवर असतो. तिथे तो निम्म्या आभाळात चढला होता. आकाशगंगा उगवली तेव्हा घोषा टेलिस्कोप सोडून चटईवर उताणा पडला. मग हळूच म्हणाला, "ताई, आता मेलो तरी चाललं."

मी त्याला चापट मारली. खरंच मारली.

साडेअकराला मी म्हटलं, "एक."

"दोन."

"तीन."

"चार."

आणि मग...

"पाच."

आम्ही चौघांनीही माना वळवल्या.

आवाज डावीकडून आला होता. लांबून. ना बाईचा, ना बाप्याचा. पण स्वच्छ मराठीत.

"ऋषिराज, गप बस," राजलक्ष्मी म्हणाली.

"आईशप्पथ, मी न्हाय," ऋषिराज म्हणाला.

तो नव्हताच. मी सांगितलं ना, आवाजाच्या बाबतीत मला कळतं.

घोषा हसला. त्याला कशाचीच भीती वाटायची नाही, तसा मीच त्याला वाढवला होता. आणि आपली माणसं अंधारात कुणाची चाहूल लागली की जे बोलतात, तेच तो बोलला. काही विचार न करता.

"कोण पाव्हणं? या की. बसा, चहा घ्या."

त्याने थर्मासमधून एक कप भरला आणि चटईच्या कडेला ठेवला. वर म्हणाला, "आन सवड झाली की बारामतीला या आमच्याकडं."

आम्ही हसलो. मीही हसले. आपण कुणालाही म्हणतो ना, एसटीत शेजारी बसलेल्यालासुद्धा... या कधी तरी आमच्याकडे. ते कुणी खरं धरत नाही.

बाराची मोजणी. एक, दोन, तीन, चार...

शांतता.

वारासुद्धा पडला होता. मला हायसं वाटलं.

साडेबाराला पुन्हा. एक. दोन. तीन. चार.

"पाच."

या वेळी तो आवाज घोषाच्या पाठीमागून आला. अगदी मागून.

ऋषिराजने मोबाईल पेटवला. चारी बाजूंनी फिरवला. गवत होतं, आणि गवतावर दव. दवावर आमच्या चौघांच्या पावलांशिवाय एकही पाऊल नव्हतं.

चटईच्या कडेचा कप रिकामा होता. धुऊन पालथा घालतात, तसा पालथा घातलेला.

आम्ही सगळं गोळा करून गाडीकडे पळालो. ड्रायव्हर उठला, त्याने सरकतं दार उघडलं. आम्ही चौघं आत बसलो. तरी त्याने दार लावलं नाही. बाहेर अंधारात बघत धरून ठेवलं. आपण मागे राहिलेल्या माणसासाठी धरतो, तसं.

मग मान हलवली आणि लावलं.

उरलेले दिवस आम्ही शहरातच काढले. घरी आलो. आईने दारातच आमच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. चौघं गेलो, चौघं आलो. मी म्हटलं, संपलं.

जुलैमधली गोष्ट. संध्याकाळची वेळ, दिवे लागायच्या आधीची. घोषा कामावरून आला आणि कॉटवर बसून बूट काढत होता. मी वह्या तपासत होते. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, दाराकडे बघितलं आणि म्हणाली,

"घोषा, पाव्हण्याला आत घे की. दारात किती येळ उभं ठिवायचं?"

दार उघडं होतं. दारात कुणी नव्हतं.

"कोण पाव्हणा, आई?" मी विचारलं.

"आगं, ह्येच्या मागनं आला की आत्ता." आई थोडा वेळ दाराकडे बघत राहिली. "गेला वाटतं. तुमी लोकं कुणाला बसा म्हणंनात, मग कोण थांबंल?"

घोषाचा एक बूट हातातच होता. त्याचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं, त्याला हे नवीन नाही.

"कधीपास्नं?" मी विचारलं.

"आलो त्या दिवसापास्नं," तो म्हणाला. "मागं असतो. काय करत न्हाय, ताई. नुसता असतो."

मी त्याला दवाखान्यात नेलं. पुण्याला नेलं. झोपेच्या गोळ्या दिल्या. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं नाही, कारण मीच मुलांना विज्ञान शिकवते. माझी लाज माझ्या आड आली. आज त्या लाजेचा मला राग येतो.

घोषा कमी बोलायला लागला. हाक मारली की ओ द्यायला वेळ लावायचा. कामावर तो हजर असायचा, पण तिथल्या मित्राने मला सांगितलं, "ताई, घोष शेजारी उभा असला तरी कळत न्हाय."

मला वाटलं, पुन्हा आभाळाखाली नेलं तर सुधारेल. हा माझा मूर्खपणा.

नोव्हेंबरची अमावस्या. पाऊस जाऊन आभाळ धुतल्यासारखं झालं होतं. डाळजचं तेच पाणी. ऋषिराज आणि राजलक्ष्मी यायला तयार नव्हते, मी हातापाया पडून आणले. घोषाला मी माझ्या शेजारी बसवलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा खांदा थंड होता, शालीतूनही कळत होतं.

"एक," मी म्हटलं.

"दोन."

"तीन."

थोडं थांबून...

"चार."

तो आवाज पाण्यावरून आला. पठारावर ऐकलेला, तोच.

माझा हात घोषाच्या खांद्यावर होता. त्याचा श्वाससुद्धा हलला नव्हता. माझ्या मागे राजलक्ष्मी रडायला लागली.

आणि मग माझ्या कानाजवळ, माझा भाऊ हळू आवाजात म्हणाला,

"पाच."

वर्गात एखाद्या पोराच्या बाकावर दुसरं बसतं, आणि हे पोर भांडत नाही, निमूट मागच्या बाकावर जातं. त्याचा आवाज तसा होता.

ऋषिराज आणि राजलक्ष्मी त्यानंतर आमच्याकडे आले नाहीत. राजलक्ष्मीने बदली मागून घेतली. मी त्यांना दोष देत नाही.

डिसेंबरच्या अमावस्येला घोषा कामावरून घरी आला नाही. मी शेजाऱ्याला उठवून पाण्यावर गेले. त्याची मोटरसायकल स्टँडवर नीट लावलेली होती. चटई अंथरलेली. टेलिस्कोप लावलेला, त्यात अजून मृग होता, थोडा सरकलेला. चटईवर दोन कप होते. एक पालथा घातलेला. दुसऱ्यात चहा तसाच, वर साय धरलेली.

चार दिवस होड्या फिरल्या. गळ टाकले. पोलिसांनी चांगली मेहनत घेतली, मी खोटं बोलणार नाही. काही मिळालं नाही. काठाच्या चिखलात त्याच्या पावलांचे ठसे पाण्याकडे जातात का, ते मी स्वतः बघितलं. जात नाहीत. ते चटईपर्यंत येतात आणि तिथेच थांबतात.

आई मला एकदाच म्हणाली, "मी तुला मोजून माघारी आण म्हनलं हुतं." मग कधीच नाही म्हणाली. हे जास्त वाईट आहे.

आता मी एकटी जाते. दर अमावस्येला. शेजारी म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय. असेलही. पण तिथे गेलं की मी म्हणते, "एक."

दोन नाही. तीन नाही. चारसुद्धा नाही. खूप वेळ नुसतं पाणी हलतं.

मग काळोखातून...

"पाच."

तो घोषाच असतो. सतरा वर्षं हजेरी घेतलीय मी.

जानेवारीत तो पलीकडच्या काठावर होता. फेब्रुवारीत पाण्याच्या मध्यावर. गेल्या अमावस्येला अगदी जवळ, चटईच्या कडेला. आणि पहिल्यांदाच तो पुढे बोलला. लहानपणी मला खेळायला बोलवायचा, त्या आवाजात.

"ताई, ये की आमच्याकडं. किती दिवस झालं."

कुणी असं बोलवलं की आपण नाही म्हणत नाही. तशी सवयच नसते आपल्याला. माझ्या तोंडून निघून गेलं,

"येईन की रे. पुढच्या अमावस्येला येते."

घरी आले तेव्हा आई जागी होती. तिने दोन कप चहा केला होता. मी माझा प्यायले. दुसरा तिने दाराजवळ नेऊन ठेवला आणि आत जाऊन झोपली.

पुढची अमावस्या आठ दिवसांवर आली आहे. गुडघे दुखतात आईचे, गॅसची टाकी तिला उचलत नाही. मी गेल्यावर तिच्याकडे कोण बघेल, एवढं एकच मला सुचत नाही.