जो नव्हताच त्याला हरवल्याचं पत्र

सरोजिनीचा नंबर दुसरा आला, आणि तोही मॅट्रिकच्या वर्षी! चौथीपासून पहिल्या नंबरावर ठाण मांडून बसलेली मुलगी ती. लोणावळ्याच्या हायस्कुलात तिमाहीच्या निकालासमोर ती नाकाचा शेंडा लाल करून उभी राहिली. शेजारी कुणीतरी ओलं इरलं काढून भिंतीला टेकवत होतं.

"हा सोपान कोण हो?" तिनं न बघताच विचारलं. "कुठून उगवला?"

"आंदर मावळातनं," शेजारचा म्हणाला. "मीच की त्यो."

यंदाच आलेला, मागच्या बाकावरचा मुलगा. पण पुढच्या बाकावर बसणारीनं कधी मागं वळून पाहिलं तर ना! सावळा, उंच, पावसानं कपाळाला चिकटलेले केस... आणि हसू असं, जणू पहिला नंबर ही काही फार मोठी गोष्ट नव्हे. तिला त्याचा भयंकर राग आला. तो राग चार महिने टिकला असं ती मैत्रिणींना सांगायची. आता रागात कुणी वर्गाच्या दाराकडे डोळे लावून बसतं का, हे तुम्हीच ठरवा.

सोपान लोणावळ्यात मावशीकडे राहायचा. गावी बापाचा पाय अधू. ज्यांनी येऊन बापाचं भात कापून दिलं, त्यांच्या खळ्यावर झोडणीला सोपाननं जायलाच हवं, ही गावाची रीत. म्हणून मार्गशीर्षात तो पंधरा दिवसांची रजा घेऊन गेला. चाचणी परीक्षा त्यानंतर होती, आणि सगळं त्या चाचणीवरच अडलेलं. पास होणाऱ्याचाच मॅट्रिकचा फॉर्म हेडमास्तर विद्यापीठाकडे धाडत. गैरहजर राहील त्याचं वर्ष बुडालं. पहिला येईल त्याला मात्र पुण्याच्या कॉलेजात फी माफ व्हावी म्हणून ते शिफारसपत्र देत; मॅट्रिकला शाळेत पहिला येई त्याला स्कॉलरशिप मिळे, ती वेगळी. सरोजिनीचे वडील दिगंबरराव स्टेशनात बुकिंग क्लार्क. त्यांनी बजावलं होतं, पत्र आणलंस तर कॉलेज, नाहीतर वैशाखात फलटणचं स्थळ.

नेमके यंदा विद्यापीठानं फॉर्म लवकर मागवले आणि चाचणी आठवडाभर अलीकडे आली. सोपानला कळवायला हवं, हे सरोजिनीच्या मनात आलं होतं. गाडीनं चिठ्ठी वडगाव स्टेशनात, तिथून बाजाराला आलेल्या कुणाच्याही हाती गावात. एवढं सोपं काम. पण पोरं काय म्हणतील... आणि मीच का म्हणून? ती गप्प बसली.

तिचा पहिला नंबर आला. घरी शिरा झाला, पण तिनं आपली वाटी बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी सोपान आला, हातभर भाताच्या काडीचे ओरखडे घेऊन. हेडमास्तर भले गृहस्थ. म्हणाले, वर्षभराचे मार्क उत्तम आहेत, तुझा फॉर्म तसाच पाठवतो. सोपान म्हणाला, परीक्षा न देता फॉर्म नको. मग हेडमास्तरांनी वर्गालाच विचारलं. एकट्याला वेगळा पेपर देणं बरं नव्हे, सगळे पुन्हा बसणार असाल तर नवा पेपर काढतो. पोरं जमिनीकडे बघायला लागली.

सरोजिनी उभी राहिली. "मी बसते, सर. जो नव्हताच त्याला हरवल्याचं पत्र मला नको."

मुलगी उठल्यावर पोरांना बसून राहण्याची सोय उरली नाही. एकेक करत सगळे उठले. घरी दिगंबरराव कडाडले, हातातलं पत्र घालवलंस म्हणून. पण खिडकीवर तिकीट घ्यायला येईल त्याला सांगत होते, आमची पोर पुन्हा बसणार आहे.

निकाल लागला. सरोजिनी पहिली, आणि सोपान तीन मार्कांनी मागं. दोघांचेही फॉर्म गेले, तिचं पत्रही झालं. पेपर परत मिळाले तेव्हा तिला दिसलं, सोपाननं भूमितीचा आठ मार्कांचा शेवटचा प्रश्न कोरा सोडला होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मधल्या सुट्टीत तिनं त्याला फळ्यापाशी गाठलं.

"मुद्दाम सोडलात ना? सोडवून दाखवा."

त्यानं खडू घेतला. वर्तुळ काढलं, रेघ मारली, पुसली. पुन्हा काढलं... पुन्हा पुसलं. कपाळावर घाम आला. ती डोळ्यांत तेल घालून बघत होती.

"न्हाई येत," तो म्हणाला. "ह्यो धडा झाला तवा मी खळ्यावर होतो."

त्याला खरंच येत नव्हतं! इतका आनंद तिला स्वतःच्या निकालाचाही झाला नव्हता.

"तुमाला वाटलं, मी नंबर सोडून दिला?" सोपान दुखावला होता. "तुमच्यासाठी जीव मागा, द्येईन. पण मार्क न्हाई देणार. तुमी ते घ्यायच्या न्हाईत... म्हणून तर तुमी मला—"

सरोजिनीनं त्याच्या हातातून खडू घेतला. बोटं लागली, ती तिनं लगेच काढली नाहीत. मग फळ्याकडे वळून तिनं चुकलेली रेघ नीट काढली.

"ही इथून काढायची," ती म्हणाली. मान ताठ होती. "रोज मधल्या सुट्टीत यायचं. मॅट्रिकला तुम्ही मला हरवायचं आहे, ती स्कॉलरशिप घ्यायची आहे. पुण्याला मला एकटीला जायचं नाही."