रेंजवरची रेती

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे, आणि ज्याच्यासोबत घडलं तो माझा सख्खा मोठा भाऊ आहे.

लोक म्हणतात, असलं काही रात्रीच दिसतं. आमच्यासोबत घडलं ते भर दुपारी. गेल्या वर्षीचा मे महिना. वर्धा जिल्ह्यातलं मे महिन्याचं ऊन ज्यांनी सोसलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

मी नीलेश. तळेगाव श्यामजी पंतला आमचं भंगाराचं दुकान आहे. दुकान दोघा भावांचं, पण चालतं धर्मेंद्रदादाच्या शब्दावर. दादा तापट. एकदा ठरवलं की कोणाचं ऐकायचा नाही.

त्याने एक काम धरलं होतं. रोहण्याहून आत, टेकडीच्या पायथ्याशी, एका रायफल क्लबचं नेमबाजीचं मैदान, म्हणजे रेंज, होतं. क्लब कधीचाच बंद पडलेला. मैदानाच्या एका टोकाला पत्र्याचं शेड, तिथून नेम धरायचा. दुसऱ्या टोकाला रेतीचा उंच बांध, गोळ्या अडवायला. वर्षानुवर्षं गोळ्या त्या रेतीत घुसत राहिल्या. ती रेती चाळायची आणि शिसं काढून विकायचं.

एवढंच काम.

सोबत मंदाबाई आणि लीलाबाई होत्या. दोघी आमच्याकडे जुन्या कामावरच्या.

पहिला दिवस बरा गेला. तोंडाला दुपट्टे बांधून आम्ही रेती उपसली. चाळणीत गोळ्या उरायच्या. चेपलेल्या, वाकड्या, वरून पांढुरकी पूड धरलेल्या.

एकच गोष्ट खटकली.

टेकडीवर एवढी झाडं... आणि एकही पाखरू ओरडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपून आम्ही पुन्हा कामाला लागलो. मंदाबाई चाळणी हातात धरून तशीच थांबली.

"नीलेशभाऊ... थे पाहा. रेती उडून राह्यली."

मी पाहिलं. आम्ही खणत होतो त्याच्या जरा बाजूला रेतीचा बारीक फवारा उडाला. थांबला.

मग पुन्हा... अजून जवळ.

आवाज काहीच नाही. बंदुकीचा बार नाही, काही नाही.

"वारा हाय," दादा म्हणाला.

वारा नव्हता. शेडला लटकलेलं फाटकं कापडसुद्धा हलत नव्हतं.

मंदाबाईने रेती उडाली तिथे हात घातला आणि किंचाळून मागे घेतला. तिच्या हातातून एक गोळी खाली पडली. चकचकीत. नवी. तिच्या तळव्यावर टरारून फोड आला होता.

मी वळून शेडकडे बघितलं. रिकामं.

पण तिकडून आवाज आला...

खट्... खटाक्.

बंदुकीत गोळी चढवताना खटका मागे ओढून पुढे ढकलावा तसा.

लीलाबाईने टोपलं खाली टाकलं. "आमी चाललो, भाऊ. हे शिसं कोनाचं तरी हाय. त्याले देयाचं नाई हाय."

दादा भडकला. "कोनाचं हाय? सौदा म्या केला! जा, जायचं तं जा. उद्यापासून दुकानात पाय नोका ठेवू!"

मी म्हटलं, "दादा, आपणही निघू ना."

"तू काऊन भेऊन राह्यला? जा, मंदाबाईले डॉक्टरकडे ने. येताना पानी घेऊन येजो."

मी दोघींना गाडीत बसवून रोहण्याला आणलं. दादा तिथेच राहिला. एकटा.

परत आलो तेव्हा ऊन अजून तसंच होतं.

दादा खणत नव्हता.

तो बांधाला पाठ लावून ताठ उभा होता. हात अंगाला चिकटलेले, तोंड शेडकडे. दुपट्टा खाली पडलेला. ओठ उलून रक्त आलेलं.

आणि त्याच्या भोवती रेतीत खळगे होते... कानांच्या बाजूला, खांद्यांच्या वर, कमरेशी, थेट पायांपर्यंत. कोणीतरी गोळ्यांनी त्याचा आकार काढला होता.

"दादा!"

"वरडू नोको," तो ओठ न हलवता म्हणाला. "हललो का मारते."

"कोन?"

त्याने फक्त डोळे शेडकडे वळवले.

शेडमध्ये माणूस नव्हता. देवाशपथ सांगतो. पण पत्र्याची सावली जमिनीवर पडली होती ना... त्या सावलीच्या आत अजून एक सावली होती. जास्त काळी. पोटावर आडवी पडलेली, कोपरं टेकून.

पण समोर भाऊ होता.

मी त्याच्याकडे चालू लागलो. माझ्या मानेवर एका ठिकाणी चटका बसत होता. बोटाएवढ्याच जागेवर. मी डावीकडे सरकलो, चटका तिथेच. उजवीकडे सरकलो, तरी तिथेच. तो माझ्यासोबत चालत होता.

दादाचा हात धरला. एवढ्या उन्हात तो हात थंडगार होता. जीव खाऊन ओढला. दादा ओंडक्यासारखा आडवा पडला.

मागे पुन्हा... खट्... खटाक्.

दादा उभा होता तिथली रेती उडाली. बरोबर छातीच्या उंचीवर.

फावडी, चाळण्या, शिसं, सगळं तिथेच सोडलं. दादाला फरफटत गाडीत कोंबलं आणि पळालो.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. मीही तेच धरून बसलो असतो. पण मंदाबाईच्या तळव्यावर आजही डाग आहे.

दादा बरा झाला, पण दुकानात आला नाही. अंजूवहिनीला घेऊन समुद्रपूरला, तिच्या माहेरी राहायला गेला. माझा फोन घेईना. मला वाटलं, भीती बसली असेल.

दिवाळीत मी त्याला आणायला गेलो. वहिनी चहा ठेवायला आत गेली. दादा माझ्याकडे टक लावून बघत बसला.

"तुले... काईच नाई झालं?"

"नाई. काऊन?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"नील्या, म्या त्याले म्हटलं होतं. मले सोड म्हटलं. तुह्या गाडीचा आवाज आला ना, तवा म्हटलं... माया भाऊ येऊन राह्यला. त्याले घे."

"मंग?"

"थो हासला." दादा कुजबुजला. "म्हने, चालते. घाई नाई."

वहिनीने चहा आणला. मी प्यायलो. नाही म्हटलं असतं तर तिने कारण विचारलं असतं.

तेव्हापासून मी उघड्या जागेत एकटा उभा राहत नाही. शेतात नाही, बसस्टँडवर नाही. कायम भिंतीच्या आडोशाला असतो. माझी बायको मयुरी विचारते, असं काऊन करता?

तिला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.