खिळा न ठोकता

पडदा आधी मी धरला होता. निदान माझं तरी तसंच म्हणणं होतं.

लष्कराच्या त्या तात्पुरत्या क्वार्टर्सच्या मागे एक पत्र्याची शेड होती. बदली झालेली कुटुंबं जाताना नकोसं सामान तिथे टाकून जात आणि नवी आलेली त्यातूनच आपला संसार उभा करत. मोडकी स्टुलं, डुगडुगणारी टेबलं, दांडी गेलेल्या बादल्या... त्या ढिगातून मी एक हिरवा पडदा ओढत होते, तर पलीकडून तोच पडदा कोणीतरी उलटा ओढायला लागलं.

"सोडा," मी म्हणाले.

"सोडला असता, पण मला नेमका हाच हिरवा हवाय."

टेबलाआडून एक चेहरा वर आला. कोपरापर्यंत काळे हात आणि शर्टाच्या खिशातून डोकावणारा पाना. युनिटच्या गाड्या दुरुस्त करणारा हा मेकॅनिक. सगळी वसाहत त्याला पानाच म्हणायची, हे मला नंतर कळलं. माझ्या ताईच्या खिडकीला काही नाही आणि दुपारचं ऊन थेट तिच्या पलंगावर येतं, असं मी त्याला सांगितलं. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे – पडद्यापेक्षा जरा जास्त वेळ.

"शिवता येतं?"

"त्याच्यावरच पोट भरते."

"मग पडदा तुमचा. त्यातली एक पट्टी तेवढी मला शिवून द्या, शेजारीणबाई."

म्हणजे मी कुठे राहते ते त्याला माहीत होतं. मी पडदा खांद्यावर टाकला आणि वळले. हसू आलेलं त्याला दिसू नये म्हणून जरा घाईनेच वळले.

घरी ताई खोक्यांच्या मधोमध तशीच बसलेली होती. येऊन महिना होत आला होता, पण तिने एकही खोकं उघडलं नव्हतं. आधीच्या क्वार्टरमध्ये तिने हौसेने एक कोपरा सजवला होता. जुन्या चादरी कापून झालरी शिवल्या, फळ्यांच्या पेटीचा पाळणा केला. बाळ आलं ते निपचित. तो कोपरा आवरण्याआधीच बदलीचा हुकूम आला. भाऊजी सीमेवरच्या चौकीत गेले, ताई इथे आली, आणि आईने मला तिच्या सोबतीला धाडलं. पडदा लावू या म्हटलं की ताई म्हणायची, लावून काय करायचं, उद्या काढायचाच तर आहे.

त्यात नियमही तसेच होते. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रंग लावायचा नाही, जसं मिळालं तसं परत करायचं. मी खिडकीच्या गजांना सुतळी ताणून बांधली आणि पडदा टांगला. ऊन हिरवं होऊन खोलीत उतरलं. ताईने कूस बदलली, एवढंच.

पट्टी घेऊन मी शेजारी गेले आणि दारातच थबकले. वसाहतीतली सगळी क्वार्टर्स पिवळट, उघडीबोडकी. आणि ही खोली हिरवीगार. भिंतींवर हिरवं कापड अगदी ताणून बसवलेलं, फळ्या विटांवर रचलेल्या, दिव्याला पत्र्याच्या डब्याची टोपी. खिळा कुठेच नव्हता. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्याची आई बसली होती.

"आईला विसर पडतो," पाना हळूच म्हणाला. "घर बदललं की ती हरवते. म्हणून मी घर बदलूच देत नाही."

त्याचे वडील असताना त्यांची एक खोली होती – हिरवी. प्रत्येक बदलीला तो तीच खोली नव्याने उभी करायचा. मैद्याची खळ शिजवायची, कापड तिच्यात भिजवून भिंतीवर चिकटवायचं. जाताना पाण्याने ओलं केलं की सालासारखं निघून येतं, खूण राहत नाही. पण कापड आता विरलं होतं, खिडकीखाली फाटलं होतं, आणि आई दिवसभर तो फाटका भाग बोटाने चाचपत बसायची.

मी पट्टी जोडली. आईंनी चष्मा लावून शिवण पाहिली आणि, तुला अजून सरळ शिवता येत नाही, असं मला बजावलं. त्यांच्या ओळखीच्या कुठल्याशा शिवणवालीला त्या माझ्यात बघत होत्या. मी मुकाट्याने उसवून पुन्हा शिवलं. पाना दाराशी उभा राहून मिशीत हसत होता.

मग काही ना काही निघतच राहिलं. कधी उशीचा अभ्रा, कधी फळीवर घालायचं कापड. तो मला बदल्यात खोक्यांची मांडणी करून द्यायचा, ताईच्या पलंगाचं करकरणं थांबवायचा. विरलेल्या भिंतीवर नवं कापड चढवायला आम्ही दोघं बसलो. मी खळ फासत होते, तो वरून कापड धरून होता. माझ्या कपाळावर खळीचा थेंब उडाला. त्याने तो बोटाने पुसला आणि बोट तिथेच राहिलं... जरासं.

"तू गेलीस की ही भिंत मला खायला उठते," तो म्हणाला.

तू. मी वर पाहिलं नाही. कापडावर हात फिरवत राहिले, एकही बुडबुडा राहू नये म्हणून, आणि बुडबुडे माझ्या पोटात फुटत होते.

हुकूम त्यानंतर लवकरच आला. भाऊजी होते त्याच बाजूला त्याला जायचं होतं, अजून वर. तिथे कुटुंब नेता येत नाही. आईंना थोरल्या भावाकडे ठेवायचं ठरलं. दूरच्या शहरातलं त्यांचं घर भरलेलं, आईंची खाट बोळात पडणार होती.

मी ताईला म्हणाले, मी त्याच्याशी लग्न करते आणि आईंना सांभाळते. ताई कित्येक दिवसांत पहिल्यांदा उठून बसली.

"माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "नुसती वाट बघितली म्हणजे संसार होत नाही गं. फोन वाजला तरी जीव जातो, नाही वाजला तरी जातो."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे केस विस्कटलेले होते, नजर रिकामी होती. तिचं खोटं नव्हतं. तरीही मी शेजारी गेले.

तो भिंतीवर ओलं फडकं फिरवत होता. कापड सुटत होतं, खाली पिवळट चुना दिसत होता. मी काय सांगायला आले ते त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग फडकं पिळत म्हणाला, "आईला बाई हवी म्हणून लग्न केलं, असं उद्या तुम्हालाच वाटेल."

तुम्हालाच. कोणी थोबाडीत दिली असती तर इतकं लागलं नसतं.

"मला वाटणार नाही."

"मी परत आलो नाही तर?" तो थांबला. "मी विचारणार नाही. विचारलं तर तुम्ही हो म्हणाल."

मी दुसरं फडकं उचललं. काय करणार होते दुसरं? दोघांनी मिळून ती खोली उतरवली. आई खुर्चीतून बघत होत्या. शेवटचा पट्टा निघाला तेव्हा त्या लहान मुलासारख्या रडू लागल्या, माझं घर कुठे नेताय म्हणून. तो त्यांच्या पायाशी बसून राहिला. मी कापडाच्या घड्या घालत राहिले, कारण हात थांबले असते तर मीही रडले असते.

ते गेले. शेजारी दुसरं कुटुंब आलं. थोड्या दिवसांनी पानाच्या थोरल्या भावाचा फोन आला; नंबर पानाने दिला होता, पडद्यांचं विचारायला. आई खात नाहीत, उठून दाराबाहेर जातात, आपलं घर शोधतात. कापड आहे पण ते चिकटवायचं कसं, तेवढं सांगा, असं ते अजिजीने म्हणाले. फोनवर सांगता येण्यासारखं होतं. मी म्हटलं, मी येते.

ताईने माझी पिशवी भरली, तिची स्वतःची शाल वर ठेवली, आणि मला इतकं घट्ट धरलं की तिची हाडं मला टोचली.

दार त्याच्या वहिनीने उघडलं. दमलेली, ओढलेल्या चेहऱ्याची बाई. पडदेवाली का, असं तिने विचारलं. हो म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"मी तुमच्या दिरांची होणारी बायको," मी म्हणाले. "अजून त्यांनी विचारलेलं नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग बाजूला झाली.

मी खळ शिजवली. बोळाची भिंत ओबडधोबड होती, उजेड नव्हता, तरी शक्य तेवढं सगळं हिरवं केलं. खाटेजवळ फळ्या रचल्या, डब्याची टोपी दिव्यावर बसवली. सगळं जागच्या जागी होतं. आईंनी त्या भिंतीवर हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं, आणि हे कोणाचं घर आहे, असं विचारलं. माझी शिवण वाकडी आहे असंही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत मी कोणीच नव्हते.

रविवारी त्याचा फोन आला. वहिनीने फोन माझ्या हातात दिला.

"त्यांना कळत नाही," मी म्हणाले. "खोली नाही, मी नाही. काहीच ओळखत नाहीत."

पलीकडे वारा घोंगावत होता.

"मग तू परत जा," तो म्हणाला.

"नाही."

"इथे काल दोघं गेले. माझ्याबरोबर जेवलेले... तुला कळतंय का?"

"कळतंय."

"मग थांबतेस कशाला?"

"तुम्ही विचारावं म्हणून."

त्याने नाक ओढल्यासारखं वाटलं. रडत होता की काय कोण जाणे. मग त्याने विचारलं. अगदी साधं, घाईघाईने, मागे कोणीतरी फोनसाठी ताटकळत असल्यासारखं. मी हो म्हणाले, आणि फोन बंद पडला. मी हो म्हणायच्या आधी बंद पडला की नंतर, ते कळलं नाही. मी पुन्हा लावून पाहिला. लागेना. तशाच बंद फोनवर मी आणखी एकदा हो म्हणाले.

"काय म्हणाले?" वहिनीने विचारलं.

"विचारलं."

तिने पदराने तोंड पुसलं आणि आत गेली. परत आली तेव्हा तिच्या काखेत एक गादी होती. आईंच्या खाटेशेजारी बोळात जेमतेम जागा होती. तिने खाट भिंतीकडे सरकवली, आणि माझी गादी घातली.