मोंढा रस्त्यावरचा ढीग

सकाळी सात वाजता मोंढा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. शंभर पावलांपर्यंत घाण पसरली होती: सडलेली भाजी, लहान मुलांचे डायपर, कोंबड्यांची पिसं. वर माशांचा थर.

नगरपरिषदेची मुख्याधिकारी साक्षी वाहुळे जीपमधून उतरली. शहर झाडायचा ठेका द्यायचा होता. टेंडरं दोनच: नंदाबाईच्या बचत गटाचं आणि ठेकेदार रामप्रसादचं. आज गटाची हा रस्ता झाडायची चाचणी होती. त्यात नापास झाल्या, तर अकरा वाजता ठेका रामप्रसादला आणि गटातल्या एकोणीस बाया घरी.

"झाडलंच न्हाई यांनी," स्वच्छता निरीक्षक काकासाहेब म्हणाले. चाचणीचा अहवाल तेच लिहिणार होते. "आठ दिवसांचा कचरा पडून राह्यलाय."

"चारला आल्तो आम्ही," गटातल्या बायांसोबत उभी असलेली नंदाबाई म्हणाली. "साडेपाचला रस्ता लख्ख करून गेल्तो. तुम्ही तवा गादीवर असताल, साहेब."

साक्षी उकिडवी बसली आणि काठीनं ढीग बाजूला सारला. खालच्या धुळीत खराट्याच्या बारीक रेघा होत्या. तिनं ढीग उलटापालटा केला. अर्धवट जळालेलं प्लॅस्टिक, ओल्या राखेचा उग्र दर्प. बाटली, डबा, पुठ्ठा मात्र एकही नाही.

"तुम्ही किती वाजता आलात?"

"साडेसहाला. तवा हे असंच व्हतं."

"त्याआधी?"

"घरी. पूजा करून राह्यलो व्हतो."

"कचरा डेपो कोण उघडतं?"

"मीच, नऊला. चावी दुसऱ्या कुणाला देतच न्हाई."

तेवढ्यात रामप्रसादची गाडी आली. "शहागडहून येऊन राह्यलो, मॅडम. झाडायचं मशीन पहाटेपासून हायवेवर बंद पडलंय. ड्रायव्हर, मेकॅनिक, सगळे तिथंच." त्यानं ढिगाकडं पाहून तोंड वाकडं केलं. "दाजी, चहा तरी घेतला का?"

काकासाहेबांनी त्याला हातानंच गप्प राहायची खूण केली.

साक्षी उठली. "रस्ता झाडला होता. रेघा खाली आहेत, कचरा वर. म्हणजे तो साडेपाचनंतर, साडेसहाच्या आत टाकलाय."

"यानंच टाकला," नंदाबाईनं रामप्रसादकडं बोट केलं.

"नाही. त्याची माणसं हायवेवर होती, ते पोलीस तपासतीलच. शिवाय ताज्या कचऱ्यात बाटल्या, पुठ्ठे असतात. यात काहीच नाही. भंगार वेचून उरलेला कचरा डेपोत साठतो आणि तिथं तो कायम धुमसत असतो. हा तिथलाच. चावी कुणाकडे असते, ते आत्ताच तुम्ही सांगितलंत, काकासाहेब."

"मी कशाला..."

"बायकोच्या भावासाठी. दाजी म्हणतो तो तुम्हाला. अहवाल लिहिणाऱ्यानं हे नातं आधी कळवायचं असतं."

रामप्रसाद दोन पावलं मागं सरकला. "हे तुमचं तुम्ही केलं, दाजी. मला यात घेऊ नका."

"तूच म्हणला व्हतास ना, बाया हटल्या पाहिजेत म्हणून?" काकासाहेब पुटपुटले. मग साक्षीजवळ येऊन हळूच म्हणाले, "मिटवून टाका, मॅडम. कचराच तं हाय."

साक्षीनं पोलिसांना फोन लावला.

"गट चाचणीत पास," फोन ठेवून ती म्हणाली. "रामप्रसादचं टेंडर बाद. अकराला ठेक्याच्या सहीला या, नंदाबाई. पण पंचनामा होईपर्यंत या ढिगाला हात लावू नका."

नंदाबाईनं खराटा भिंतीला टेकवला.

"न्हाई लावत. पोलीस येईस्तोवर साहेबांना मात्र हितंच उभं ठेवा. आम्ही रोज उभ्या राहतो तसं."

काकासाहेब जागेवरून हलले नाहीत. पायाशी माशा घोंगावत होत्या, आणि एकोणीस बाया शांतपणे त्यांच्याकडं बघत होत्या.